डोळे मिचकवायला सांगणारं अॅप आणि मांडी घालणारा पाय

गेल्या अंकात मी माझ्या कानाच्या मशीनबद्दल लिहिलं होतं, म्हणजे त्रेचाळिसाव्या वर्षी ते लागलं आणि तेव्हापासून लोक माझ्याशी ओरडून बोलायला लागले, मशीन लावलंय म्हणजे आता ऐकू येतंय हे कुणाला पटतच नाही वगैरे. त्यावर इतके मेसेज आले की या वेळचा सगळा कॉलम त्यावरच. पत्र मात्र एकच आलं, कळव्याच्या काकांचं, आंतरदेशीयवर, ते शेवटी घेतलंय.

प्रश्न : ताई, मला जन्मापासून दिसत नाही. ऐरोलीला आयटीत जॉब आहे, ठाण्याहून ट्रान्स हार्बरने एकटाच जातो-येतो. परवा मोबाईलवर बँकेचं खातं उघडायला घेतलं तर व्हिडिओ केवायसीत म्हणे गोलात चेहरा आणा आणि डोळे मिचकवा. गोल कुठे आहे ते टॉकबॅक (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा फोनमधला स्क्रीन रीडर) सांगेना, नुसतं बटन बटन बोलत बसला. शेवटी शाखेत गेलो तर "घरच्या कुणाला तरी घेऊन या". त्याच दिवशी टीममधला एकजण माझा स्क्रीन रीडर ऐकून म्हणाला, तू नॉर्मल माणूस नाहीस यार, सुपरह्युमन आहेस. मला दोन्हीचा राग आला. दुसऱ्याचा राग येणं चूक आहे का? (ऐरोली)

उत्तर : चूक कसली, उलट मला दुसऱ्याचाच जास्त आला. बँकवाल्याचा निदान नियमाचा तरी बहाणा होता. तुझा स्क्रीन रीडर ज्या स्पीडने बडबडतो ती तुझी सवय आहे, आमच्या गल्लीतला वडापाववाला गिऱ्हाईकाशी गप्पा मारत न बघता चटणी लावतो तशी, त्याला कुणी सुपरह्युमन म्हणत नाही. पण आपल्याकडे हे जुनंच आहे, "पंगुं लंघयते गिरिम्" लहानपणापासून म्हणत आलोय ना, त्यामुळे लंगड्याने एकतर दारात बसावं नाहीतर डायरेक्ट डोंगर चढावा, मधलं म्हणजे आठ बावन्नची लोकल पकडणं, ईएमआय भरणं, बॉसला शिव्या देणं, हे त्याच्या वाट्याला कुणी देतच नाही. आणि डोंगर चढला तरी काय, आपल्या सांगलीकडच्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकला पोहण्यात सुवर्ण आणलं, पद्मश्री मिळाली २०१८ ला.

आता बँकेचं. सकाळी ऑफिसात तू सगळ्यांत फास्ट आणि दुपारी शाखेत तुला कुणीतरी हात धरून आणायला पाहिजे, मधल्या वेळात तुझ्या डोळ्यांत तर काही बदललं नव्हतं. बदललं काय तर समोरचं सॉफ्टवेअर. ऑफिसचं बनवणाऱ्याने तुझा विचार केला होता, बँकेच्या अॅपवाल्याला समोर फोटो नाही, जिवंत माणूस आहे हे बघायचं होतं, तर त्याने जिवंत माणूस म्हणजे पापणी मिटणारा माणूस असं धरून टाकलं. हे मी माझ्या पदरचं सांगत नाहीये, ३० एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टाने नेमकं यावरच निकाल दिलाय. प्रज्ञा प्रसून आणि इतर, अॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या, त्यांना पापण्या मिटताच येत नाहीत म्हणून केवायसी होईना. त्यांच्यासोबत अमर जैन या अंध वकिलांची याचिका होती. कोर्ट म्हणालं की डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि २० निर्देश दिले, डोळे मिचकवण्याला दुसरा पर्याय ठेवा हे त्यातच येतं. तेव्हा बँकेला लेखी तक्रार टाक, त्यात या निकालाची तारीख लिही, "घरच्यांना आणा" हे कुठल्या दिवशी कुणी सांगितलं तेही लिही. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा गुळमुळीत आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं, फी नाही. खातं पाहिजे असो नसो, तक्रार कर.

आणि त्या टीममेटला एकदा तुझा हेडफोन दे, त्याच स्पीडला. दोन मिनिटांत उतरेल सुपरह्युमन.

प्रश्न : माझा मुलगा एक वर्ष दहा महिन्यांचा आहे. बेरा टेस्ट (ऐकण्याची तपासणी) झाली, दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. सहा महिने कानाचं मशीन लावून बघितलं, फरक नाही. डॉक्टर म्हणतात कॉक्लिअर इम्प्लांट करा आणि लवकर करा. सासूबाई म्हणतात मशीन बसवलं की एकदम नॉर्मल होईल, पेढे पण ठरवून झाले. थेरपीला जातो तिथे एक मूकबधिर मुलगा भेटतो, पंचविशीचा, त्याने माझ्या बाळाकडे बोट दाखवलं, डोक्यावर कापल्याची खूण केली आणि हात उडवून विचारलं, का? तिथल्याच एक मॅडम म्हणतात घरात खुणा अजिबात करू नका, बोलायचा आळस करेल. मला रात्र रात्र झोप नाही. (घणसोली)

उत्तर : आधी माझं मत सांगून टाकते, म्हणजे तुला पुढचं वाचेपर्यंत ताटकळायला नको. ऑपरेशन कर, आणि खुणाही शिक. दोन्ही.

हे मशीन आणि माझं मशीन यात फरक आहे. माझं नुसता आवाज मोठा करतं. कॉक्लिअरमध्ये कानामागे प्रोसेसर असतो, तो आवाज पकडून कॉइलमधून कातडीखालच्या भागाला पाठवतो, कॉइल लोहचुंबकाने डोक्याला चिकटलेली असते, आणि आतल्या बारीक तारेवरचे इलेक्ट्रोड थेट नसेला करंट देतात. कंपनीप्रमाणे १२ ते २२ इलेक्ट्रोड. चांगल्या कानात हे काम साधारण साडेतीन हजार पेशी करतात. म्हणजे जे येतं ते आपल्यासारखं ऐकू येणं नसतंच, वेगळंच काहीतरी असतं आणि त्याला अर्थ लावायला मेंदू शिकतो, लहान मेंदू पटकन शिकतो, म्हणूनच डॉक्टर घाई करतायत. ती घाई खरी आहे. खर्चाचं बघायला केंद्राची एडिप म्हणून अपंगांना साधनं देणारी योजना आहे, तिच्यात लहान मुलांचं इम्प्लांट होतं पण वयाची अट आहे, त्यामुळे वांद्रे रेक्लमेशनच्या अली यावर जंग या बहिरेपणावरच्या सरकारी संस्थेत लगेच चौकशी कर, पुढच्या महिन्यावर टाकू नको.

सासूबाईंना पेढे जरा थांबवायला सांग. स्वीच ऑनचे, म्हणजे मशीन पहिल्यांदा चालू करतानाचे व्हिडिओ सगळ्यांनी बघितलेले असतात, बाळ आईचा आवाज ऐकून हसतं आणि सगळे रडतात. माझ्या ओळखीतल्या एका घरी स्वीच ऑन झालं तेव्हा पोरीने किंचाळून कॉइल उपटून फेकली होती, आणि मग वर्षभर तिची आई कुकरची शिट्टी झाली की गॅसपाशी पळत जायची, कुकरकडे बोट दाखवायची, म्हणायची "शिट्टी! ऐकलंस? शिट्टी!", मग दाराची बेल, मग मिक्सर, मग खालचा भंगारवाला, दिवसभर हेच, बाई पातळ झाली पार. अकराव्या महिन्यात पोरीने स्वतः कुकरकडे बोट दाखवलं. इम्प्लांट म्हणजे हे. ऑपरेशन काही तासांचं असतं, मॅपिंग (मशीनचं सेटिंग जुळवणं), थेरपी, तुटलेल्या वायरी आणि संपलेल्या बॅटऱ्या पुढे कायमच्या. नीट बोलणारी खूप मुलं बघितलीयत मी, पण रात्री झोपताना प्रोसेसर काढून डबीत ठेवला की ते मूल परत बहिरंच असतं. आंघोळीत असतं, रंगपंचमीला असतं. तेव्हा तू त्याच्याशी कशात बोलणार?

म्हणून खुणा. खुणा केल्या की बोलणं मागे पडतं ही भीती फार जुनी आहे, तिला भक्कम पुरावा कुणी आणलेला नाही, उलट भाषाच उशिरा मिळाली तर मात्र नुकसान होतं हे नक्की, मग ती भाषा तोंडाची असो नाहीतर हाताची. भारतीय सांकेतिक भाषेचा १०,००० शब्दांचा व्हिडिओ कोश सरकारी संस्थेने केलाय, फुकट आहे, रोज जेवताना पाच शब्द घ्या, सासूबाईंना पण बसवा.

आणि तो मुलगा. त्याच्यावर रागवू नकोस. अमेरिकेच्या पूर्वेला मार्थाज व्हिनयार्ड म्हणून बेट आहे, तिथे पिढ्यान्‌पिढ्या बहिरी मुलं जास्त जन्मायची, रक्तातच होतं, तर अख्खं गाव हातांनी बोलायचं, ऐकू येणारी माणसं सुद्धा, समुद्रात होडीतून होडीत सुद्धा. तिथे बहिरं असणं म्हणजे काही कमी आहे असं कुणाला वाटायचंच नाही. या मुलाचं गाव म्हणजे बहुतेक त्याचे दहा-बारा मित्र आणि व्हॉट्सॲपचा व्हिडिओ कॉल, आणि त्याला दिसतंय की पुढची सगळी पोरं दुरुस्त होऊन निघालीयत, मग याने बोलायचं कुणाशी. "का" ची खूण त्याने बाळासाठी केली की स्वतःसाठी, मला नाही सांगता येणार. पुढच्या वेळी भेटला तर त्याला तुझ्या मुलाचं खुणेतलं नाव ठेवायला सांग. बहिऱ्या लोकांत तसं नाव बहिऱ्या माणसानेच द्यायची पद्धत आहे.

प्रश्न : शाळेत अपंग म्हणायचं की दिव्यांग? आणि पाचवीच्या पुस्तकाबाहेरच्या म्हणी शिकवताना "आंधळं दळतं", "वासरांत लंगडी गाय" हे टाळायचं का? (नौपाडा, शिक्षिका)

उत्तर : दिव्यांग हा शब्द २०१५ च्या शेवटी वरून आला आणि कागदावर बसला, ठाणे स्टेशनात अजून हँडिकॅप डबाच म्हणतात. मला स्वतःला दिव्य वगैरे म्हटलेलं आवडत नाही, मैत्रिणीला आवडतं. मुलाला विचारा, तो सांगेल ते. शब्दापेक्षा मला गंमत वाटते कायद्याची, १९९५ च्या कायद्यात ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात २१ झाले, म्हणजे थॅलेसेमियावाला किंवा वाचताना अक्षरं उलटसुलट होणारा तुमच्या वर्गातला मुलगा आधी अपंग नव्हता आणि मग झाला, त्याला कळलं पण नसेल. म्हणी शिकवा, लपवून काय होणार. माझी एक अंध मैत्रीण म्हणते दळण मी गिरणीतून आणते, कुत्र्याचा विषयच संपला.

प्रश्न : स. न. वि. वि. वय वर्षे ६८. मधुमेहामुळे डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. मुलगा कर्ज काढून परदेशी बनावटीचा कार्बन फायबरचा पाय बसवू म्हणतो. नातू मोबाईलवर पायाच्या जागी ब्लेड (पात्यासारखा वाकडा कृत्रिम पाय) लावून उडी मारणारा गोरा दाखवतो व म्हणतो, आजोबा, असा घेऊ. माझे म्हणणे एवढेच की गणपतीत मला पाटावर मांडी घालून पूजेस बसता यावे. मुलगा म्हणतो, बाबा, खुर्ची आहे ना. मी हट्टी आहे काय? (कळवा)

उत्तर : काका, नमस्कार. हट्टी आहात, पण बरोबर जागी.

नातू दाखवतो तो बहुतेक मार्कुस रेम असणार, जर्मनीचा. २०२३ ला त्याने ८.७२ मीटर लांब उडी मारली, आणि पॅरिस ऑलिम्पिकला दोन्ही पायांवर धावणाऱ्याने सुवर्ण घेतलं ते ८.४८ ला. त्याला ऑलिम्पिकला घेत नाहीत, ब्लेडचा फायदा होतो का यावर वाद आहे, धावताना तोटा आणि उडताना फायदा असं काहीतरी निघालं. यावर नातवाशी जरूर भांडा, पोहण्याचे ते चकचकीत सूट २०१० पासून बंद केले आणि बुटांच्या तळव्याची जाडी पण ठरवून दिली, म्हणजे धडधाकट लोकही यंत्राला धरूनच होते, हे त्याला सांगा. पण ते ब्लेड तुमच्या कामाचं नाही. त्याला टाच नसते, त्यावर धड स्थिर उभंही राहता येत नाही. पळायलाच बनवलंय ते, आरतीला उभं राहायला नव्हे.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर जयपूरला १९६८ मध्येच कुणीतरी काढलंय. डॉ. प्रमोद करण सेठी आणि रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर. तेव्हा जो परदेशी पाय मिळायचा तो बुटातच घालावा लागायचा, घोटा वळायचा नाही, त्यामुळे पेशंट घरी जाऊन पाय काढून ठेवायचे आणि कुबड्यांवर फिरायचे. डॉक्टरांना वाटायचं पेशंट अडाणी. पायच अडाणी होता, त्याला उकिडवं बसता येत नव्हतं, मांडी घालता येत नव्हती, चिखलात अनवाणी जाता येत नव्हतं, देवळात बूट काढता येत नव्हते. मग यांनी रबर आणि लाकूड घेऊन असा पाय केला जो घोट्यात सगळीकडे थोडा थोडा वळतो आणि दिसतो पण पायासारखा. सेठींना १९८१ ला मॅगसेसे मिळालं. शर्मांचं नाव कमी लोकांना माहीत असतं, हे आपलं नेहमीचंच.

महाग पाय वाईट असं मी म्हणत नाही, चालताना तो ढकल चांगली देतो, तुमचा मुलगा बस स्टॉपपर्यंतचं चालणं डोळ्यासमोर ठेवून बोलतोय आणि तुम्ही पाट. दोघं एकाच पायाबद्दल बोलत नाही आहात, एवढंच. कर्ज काढायच्या आधी दोन्ही घालून बघायला मागा, आणि पाय कुठलाही घेतला तरी सॉकेट, म्हणजे पाय अडकवायची वाटी, नीट बसलं पाहिजे, स्टंप, म्हणजे तुमच्या पायाचा उरलेला भाग, पहिल्या वर्षात आकसतो, मग आत जास्तीचे मोजे घालावे लागतात, नाहीतर घासतं. मधुमेह आहे म्हणून रोज रात्री आरसा धरून स्टंपची कातडी बघा, लाल डाग दिसला आणि पाय काढून ठेवल्यावरही थोड्या वेळात गेला नाही तर दुसऱ्या दिवशी पाय लावायचा नाही, डॉक्टरकडे जायचं.

ट्रायलला जाताना घरातला पाट सोबत न्या. टेक्निशियन हसला तर हसू दे, त्याच्यासमोर बसून दाखवा आणि स्वतःच्या हाताने उठून दाखवा, उठणं जास्त अवघड असतं. मुलाला पण न्या. आणि पुढचं पत्र जरा मोठ्या अक्षरात लिहा, माझ्या चष्म्याचा नंबर परत वाढलाय.