मालिकांची नावे आणि विरामचिन्हे

प्रश्न : ‘आई कुठे काय करते!’ या नावातील उद्गारचिन्ह लेखात ठेवावे का? नावाला प्रत्यय कसा जोडावा?

उत्तर : ते चिन्ह नावाचाच भाग असल्यामुळे अवतरणचिन्हांच्या आत ठेवावे, वाक्य तेथेच संपत असेल, तर पूर्णविराम अवतरणाबाहेर द्यावा, अन्यथा आपले साधे विधानही उद्गारवाचक असल्याचा भास होतो. उद्गारचिन्हानंतर थेट ‘च्या’ किंवा ‘मध्ये’ चिकटवणे फारच ओबडधोबड दिसते, म्हणून ‘या मालिकेच्या’ असे लिहून प्रत्यय त्या शब्दाला लावावा. २०१३ साली सुरू झालेल्या ‘होणार सून मी ह्या घरची’ या नावातील ‘ह्या’चे ‘या’ करण्याचा मोह (मुद्रितशोधकांना तो होतोच) मात्र टाळावा, कारण विशेषनाम शुद्धलेखनासाठी बदलता येत नाही.