कॉलेजमधून सीटबेल्टचा कायदा कडक व्हावा म्हणून मोहीम चालवतेय. पोस्टर, रॅली, सह्या सगळं झालं, पण कोणी सिरीयसली घेत नाही. नेमकं काय मागू?

आधी एक सांगतो, 'सीटबेल्टबद्दल जागृती व्हावी' ही मागणीच होत नाही. कोण नाही म्हणणार त्याला? समोरचा लोकप्रतिनिधी हो हो म्हणतो, तुमच्यासोबत फोटो काढतो आणि विषय तिथेच संपतो. मी कॉलेजला असताना अशाच मोहिमेत होतो आणि आमचं काम खऱ्या अर्थाने हललं ते एक कलम हातात धरल्यावर. त्यामुळे तुमच्याकडचा कायदा काढ, शांतपणे वाच आणि त्यात भोक कुठे आहे ते शोध.

दोन ठिकाणी हमखास सापडतं. एक म्हणजे मागची सीट, सक्ती फक्त पुढच्यांना असते किंवा कागदावर सगळ्यांना असते पण मागे कोणी बघतच नाही. दुसरं म्हणजे पोलिसांना फक्त बेल्ट नाही एवढ्या कारणावरून गाडी थांबवता येते का. अमेरिकेत काही राज्यांत येते, काही राज्यांत आधी दुसरा काहीतरी गुन्हा दिसायला लागतो, मग त्याच्यासोबत बेल्टचा दंड, आणि न्यू हॅम्पशायरमध्ये तर मोठ्या माणसांना सक्तीच नाही, फक्त 18 च्या आतल्यांना आहे. एका वाक्याचा फरक आहे बघ, पण त्या एका वाक्यावर कायदा चालतो की नुसता पडून राहतो ते ठरतं.

मला विचारशील तर मागची सीट पकड, कारण तुमच्या वयाची मुलं तिथेच बसलेली असतात, तिघं तिघं चौघं चौघं. 50 च्या स्पीडने गाडी धडकली की अंगाला बसणारा दणका साधारण 10 मीटरवरून पडल्याइतका असतो, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून. गाडी थांबते पण मागचा बेल्ट न लावलेला माणूस थांबत नाही, तो त्याच वेगाने पुढच्या सीटवर जाऊन आदळतो आणि बेल्ट लावलेल्या पुढच्या माणसालाही चिरडतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की बेल्टमुळे गाडीत बसलेल्याचा मृत्यूचा धोका 50 टक्क्यांपर्यंत कमी होतो आणि 5 ते 29 वयातल्यांच्या मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण रस्ते अपघात आहे. हे दोनच आकडे निवेदनात टाक, बाकी आकड्यांचा ढीग कोणी वाचत नाही.

कोणी म्हणेल की सगळं एकदम कसं होणार, तर एकदम झालं कुठेच नाही. तीन पॉइंटचा बेल्ट व्होल्वोच्या निल्स बोहलिनने 1959 मध्ये आणला, कंपनीने पेटंट असूनही तो सगळ्यांना वापरू दिला, तरी सक्तीचा कायदा यायला 1970 उजाडलं, तोही ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात. ब्रिटनमध्ये 1983 ला पुढच्या सीटला सक्ती झाली आणि मागे बसणाऱ्या मोठ्यांना थेट 1991 ला. म्हणजे एक एक कलम करतच लोकांनी हे मिळवलंय, तूही एकच माग आणि ते पूर्ण मिळेपर्यंत सोडू नकोस.

आता कायदाच कशाला, समजावून सांगितलं तर पोरं लावतील ना, असं तुला खूप जण ऐकवतील. मित्राच्या गाडीत मागे बसून बेल्ट ओढायला गेलं की लगेच येतं, 'काय रे, माझ्या ड्रायव्हिंगवर भरवसा नाही का?' आणि ज्याला लावायचा असतो तोही हात मागे घेतो, बेल्टचे फायदे सगळे तोंडपाठ असून. कायदा असला की त्याला म्हणता येतं, 'अरे दंड बसेल उगाच.' बस, विषय संपला, मैत्रीही शाबूत. लाजणाऱ्या मुलाला कायद्याचा केवढा आधार असतो हे मोठ्यांना कळत नाही, ते तुम्हीच सांगायला हवं, म्हणून निवेदन घेऊन जाताना मोठ्यांना पुढे करू नका, तुम्ही बोला.

पुरावा स्वतःचा जमवा. आम्ही गेटवर कागद घेऊन उभे राहायचो, ड्रायव्हर, शेजारचा, मागचे असे तीन रकाने, नाव नाही नंबर नाही, फक्त टिक. तिथे काय काय दिसतं! बेल्ट छातीवर नुसता हाताने धरलेला, क्लिक केलेलाच नाही. कोणी पाठीमागून घेऊन लावलेला, अलार्म वाजू नये म्हणून. बकलमध्ये नुसती क्लिप खोचून ठेवलेली. आणि मागच्या सीटचं बकल तर कव्हरच्या खाली कायमचं गाडलेलं, म्हणजे लावायचा म्हटलं तरी लावता येणार नाही. हा कागद टेबलावर ठेवला ना, की समोरचा माणूस प्रश्न विचारायला लागतो, आणि प्रश्न विचारले म्हणजे तो ऐकतोय.

आमच्या वर्गातली एक मुलगी अशीच मागे बसलेली गेली, पुढचे दोघं बेल्टमुळे वाचले. तिचा फोटो पोस्टरवर टाकायचं आमच्यातल्या काहींच्या मनात होतं, आम्ही आधी तिच्या आईला विचारलं. त्या म्हणाल्या, 'फोटो नको, मीच येते.' आल्या आणि मीटिंगमध्ये जेमतेम चार वाक्यं बोलल्या, त्यानंतर त्या खोलीत कोणी आमच्याशी पोरांशी बोलतात तसं बोललं नाही. त्यामुळे कोणाचं दुःख वापरायचं असेल तर आधी घरच्यांना विचार, आणि नाही म्हणाले तर तिथेच थांब.

नवीन ड्रायव्हरचं वेगळं निवेदन कर, यात मिसळू नकोस. लायसन्स मिळाल्यानंतरचे पहिले काही महिने सगळ्यात धोक्याचे, आणि गाडीत मित्र वाढतील तसा धोका वाढतो. न्यूझीलंडने 1987 पासून टप्प्याटप्प्याचं लायसन्स ठेवलंय, मधल्या टप्प्यात रात्री 10 ते पहाटे 5 एकट्याने चालवायची नाही, आणि सोबत अनुभवी ड्रायव्हर नसेल तर मित्रांना बसवायचं नाही. मुलांना हे आवडणार नाही, तुझ्याच वर्गातले भांडतील, पण माझ्या मते हे बेल्टइतकंच गरजेचं आहे.

बाकी कामाचं म्हणजे निवेदन एका पानाचं, वरती आत्ताचं कलम जसंच्या तसं, खाली तुम्हाला हवा असलेला बदल, त्याखाली सह्या. अधिवेशनाच्या आधी नेऊन दे, पोच घे आणि लेखी उत्तर माग. कायदा होईपर्यंत प्राचार्यांकडे जा, गेटमधून आत येणाऱ्या गाडीत सगळ्यांचा बेल्ट नसेल तर पार्किंग पास रद्द, हा नियम त्यांच्या एका सहीने होतो.