एकाच कंपनीची चिप का?

प्रश्न : काही संगणक कंपन्या वर्षानुवर्षे एकाच कंपनीची मुख्य चिप (प्रोसेसर) का वापरतात? दोघांकडून घेतली तर भाव पाडून मिळणार नाही का?

उत्तर : भाव पाडून मिळेल, पण कामही दुप्पट होईल. मी बरीच वर्षं मदरबोर्ड, म्हणजे संगणकातला मुख्य बोर्ड, तपासण्याचं काम केलंय, म्हणून हातातल्या वस्तूवरूनच सांगतो. एएमडी आणि इंटेल या अशा चिप बनवणाऱ्या दोन कंपन्या. एएमडीची एएम४ सॉकेटची (सॉकेट म्हणजे बोर्डवर चिप बसवायची जागा) चिप उलटी केली की खाली 1331 बारीक पिना दिसतात. इंटेलच्या डेस्कटॉप चिपखाली मात्र सपाट सोनेरी ठिपके असतात, पिना सॉकेटमध्ये. म्हणजे एकीच्या जागी दुसरी बसतच नाही. बोर्ड वेगळा, चिपसेट (बोर्डवरची जोडचिप) वेगळा, बायोस (संगणक सुरू करणारा प्रोग्राम) वेगळं; उष्णतेच्या चाचण्या पुन्हा पहिल्यापासून. दुरुस्तीचे सुटे भागही दोन प्रकारचे साठवायचे. शिवाय सगळी मागणी एकाकडे नोंदवली की सवलत मिळते, आणि टंचाईत आपला नंबर आधी लागण्याची शक्यता वाढते. संगणक बनवणाऱ्या डेलने 2006 पर्यंत फक्त इंटेलच्याच चिप वापरल्या.

तरीही तुमची शंका रास्त आहे. आयबीएमने पहिल्या पीसीच्या वेळी इंटेलकडे दुसऱ्या उत्पादकाचा आग्रह धरला होता. त्यातूनच 1982 मध्ये एएमडीला त्या चिप बनवण्याचा परवाना मिळाला. मला तो निर्णय फार शहाणपणाचा वाटतो, कारण आराखडा एकच आणि कारखाने दोन, त्यामुळे बोर्ड बदलायची गरजच नाही. आज अशी सोय जवळजवळ उरलेली नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.