सर्वेक्षणाच्या फॉर्ममध्ये आधीच्या प्रश्नाचे उत्तर पुढच्या प्रश्नात आपोआप कसे आणावे?

आपण कोबो टूलबॉक्स या सर्वेक्षणाचे फॉर्म बनवण्याच्या सॉफ्टवेअरविषयी विचारले आहे. यांत्रिक उत्तर सोपे आहे: पुढच्या प्रश्नाच्या मजकुरात डॉलरचे चिन्ह लिहून त्यापुढे महिरपी कंसात आधीच्या प्रश्नाचे नाव द्यावे. मात्र आधीचा प्रश्न पर्याय निवडण्याचा असेल, तर तिथे पर्यायाच्या नावाऐवजी त्याचा कोड उमटतो, आणि या कोडानेच मालवणात माझी फजिती केली.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. बोटी ओढलेल्या आणि माणसे घरी, म्हणून गेल्या हंगामातील भाव विचारण्यासाठी आम्ही तेच दिवस निवडले होते. फॉर्म मी केला होता आणि त्यात बांगड्याचा कोड ३ होता. एका मासेविक्रेत्या मावशींनी बांगडा सांगितला, मी तो निवडला आणि पडद्यावर आलेला पुढचा प्रश्न न पाहता वाचून मोकळा झालो: "३ला किती भाव मिळाला?" मावशींनी सुपारी कातरायची थांबवली आणि विचारले, "तिनाक खंयचो बाजार रे, झिला?"

त्या रात्री 'चॉईस-नेम' हे फलन (फंक्शन) वापरून कोडाच्या जागी नाव आणले. (त्यात प्रश्नाचा संदर्भ दुसऱ्यांदा देताना तो अवतरणचिन्हांत द्यावा लागतो, बहुतेकांचे तिथेच चुकते.) दुसऱ्या दिवशी पडद्यावर आले, "बांगडाला किती भाव मिळाला?" मराठीत बांगड्याला म्हणतात आणि बोंबलाला म्हणतात, हे सॉफ्टवेअरला कोण सांगणार? कार्यालयात आम्ही चाचणी घेतली होती ती सुरमईवर, जिचे सामान्यरूप बदलत नाही, त्यामुळे सर्व काही सुरळीत दिसले होते.

आमच्या प्रकल्पप्रमुखांचे मत असे होते की, लोक समजून घेतात, भाषेचे नंतर पाहू. हे मत मला तेव्हाही चुकीचे वाटले आणि आजही वाटते. लोक समजून घेतात हे खरे; पण मोडका प्रश्न वाचायची लाज वाटून प्रत्येक सर्वेक्षक तो दारोदार आपापल्या परीने दुरुस्त करू लागतो, आणि मग चार सर्वेक्षकांनी चार वेगळे प्रश्न विचारून आणलेली उत्तरे एका तक्त्यात मांडण्यात काय अर्थ उरतो? मी सुचवलेला उपाय साधा होता: पर्यायांच्या तक्त्यात नावाशेजारी सामान्यरूपाचा एक स्तंभ वाढवावा (बांगड्या, बोंबला, सुरमई) आणि प्रश्नात तोच स्तंभ ओढून घ्यावा. मासळीची यादी १५ नावांची होती, म्हणजे अर्ध्या तासाचेही काम नव्हते. त्या वर्षी ते झाले नाही. पुढच्या वर्षीच्या फॉर्ममध्ये मात्र तो स्तंभ होता, कोणी सुचवला होता याचा उल्लेख अर्थातच नव्हता.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. आधीचा प्रश्न वगळला गेला, तर पुढच्या वाक्यात रिकामी जागा पडते, म्हणून तो प्रश्न अनिवार्य करावा. आणि 'इतर' निवडून लोक नाव स्वतः सांगतात तिथे माझा स्तंभही निरुपयोगी ठरतो. आमच्याकडे एका काकांनी 'मिळेल ती' असे उत्तर दिले होते. अशा ठिकाणी नाव अपूर्णविरामापुढे सुटे ठेवावे, "निवडलेली मासळी: मिळेल ती", आणि मग वेगळ्या वाक्यात विचारावे, "या मासळीला किती भाव मिळाला?"