पहिली पेटी ठेवताना

मधमाश्यांची एकच पेटी घे रे बाबा, आणि माशी आपली सातेरीच, म्हणजे इथली देशी मधमाशी. मेलिफेरा या परदेशी मधमाशीच्या मागे आत्ताच लागू नकोस. जागा कुळागराच्या, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेच्या कडेला, सकाळचं कोवळं ऊन मिळेल अशी. स्टँडच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या हव्यातच. गोव्यात देवी सातेरी वारुळात बसते, पण या सातेरीचं मुंग्यांशी मुळीच पटत नाही!

खरी परीक्षा पावसाळ्यात. जून ते सप्टेंबर फुलोरा कमी, म्हणून संध्याकाळी साखरेचा पाक पेटीच्या आत ठेव. पाकाच्या वाटीत काड्या टाक, नाहीतर माश्या बुडतात. तळफळी, म्हणजे पेटीच्या तळाची फळी, पुसत जा. माझ्या पहिल्या वसाहतीत पोळं खाणारा मेणकिडा शिरला. पोळ्यावर पांढरी जाळी दिसली तोवर माश्या पेटी सोडून गेल्या होत्या. मधाची घाई काजू फुलेपर्यंत नको, आणि पिल्लांच्या कोठीतला मध त्यांचाच.