शपथ देताना घाई करू नकोस

प्रिय बाळ,

परवा फोनवर तू म्हणालीस, काका, साक्षीदारांना शपथ द्यायचं काम माझ्याकडे आलंय, दोन ओळी तर आहेत, त्यात काय शिकायचं. स्टँडवर गलका होता म्हणून तेव्हा बोलता आलं नाही, आता लिहितो. बेंच क्लार्क, म्हणजे न्यायाधीशांसमोर बसणारा कोर्टाचा कारकून, म्हणून माझी अख्खी नोकरी त्या दोन ओळी म्हणण्यात गेली आणि कोर्टातलं सगळ्यात नाजूक काम मी तेच मानतो.

साक्षीदार सिनेमा बघून आलेला असतो, पिंजऱ्यात चढला की गीता शोधतो. वाटपाच्या दाव्यात एक आजी आल्या होत्या, चप्पल खालीच काढली, पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाल्या, "पोथी कुठंय बाबा?" पोथी लागतच नाही. 1969 च्या शपथ कायद्यात कुठल्याच ग्रंथाचं नाव नाही. आपल्याकडे पूर्वी शपथेला बेलभंडार, म्हणजे बेलाचं पान आणि भंडारा, उचलायचे, इंग्रजांच्या कोर्टात गंगाजल आणि कुराण असायचं ते 1840 च्या कायद्याने गेलं, तरी 1873 च्या कायद्यात एक वाट होती की समोरच्याने अमुक शपथ घेतली तर मला त्याचं म्हणणं मान्य, असं पक्षकार म्हणू शकायचा. 1969 ला तीही बंद झाली. आता कायद्यातल्या ठरलेल्या नमुन्यात ईश्वराची शपथ नाहीतर गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा, दोन्हीचं वजन सारखं, आणि कुठली घ्यायची ते साक्षीदार ठरवणार, आपण त्याचं आडनाव बघून ठरवायचं नाही.

तर आजींनी विचारलं, मग हात कुठं ठेवू? म्हटलं, जोडा. मी एकेक तुकडा म्हणत गेलो, त्या मागून म्हणत गेल्या, आणि "सत्याशिवाय दुसरं काही सांगणार नाही" इथं आल्यावर समोर बसलेल्या सख्ख्या भावाकडे बघून थांबल्या. मीही थांबलो, न्यायाधीश साहेबही काही बोलले नाहीत. मग त्यांनी ते वाक्य पूर्ण केलं. एवढ्यासाठीच घाई करू नको म्हणतो.

कारण मी केलीय घाई. एकदा बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या कामांची यादी, मोठा होता, मी भरभर म्हणून टाकलं, साक्षीदार मजूर माणूस, नुसता हो हो करत राहिला. उलटतपासात वकिलांनी विचारलं शपथेत काय म्हणालात, तर तो माझ्याकडे बघायला लागला. "कायतरी म्हणले साहेब, मी हो म्हणलो." शपथेत चूक राहिली म्हणून साक्ष बाद होत नाही, त्याच शपथ कायद्याचं कलम 7 आहे, पण तो माणूस जो गडबडला तो पुढे खरं होतं तेसुद्धा चाचरतच बोलला, आणि ते माझ्यामुळे झालं हे मला अजून लागतं.

बारा वर्षांच्या आतलं मूल आलं तर लगेच शपथ म्हणायला घेऊ नकोस. साहेब आधी त्याला प्रश्न विचारतात, कितवीत आहेस, खोटं बोललं तर काय होतं, आणि त्याला खरं बोलायचं कळतं पण शपथ म्हणजे काय ते कळत नाही असं वाटलं तर शपथेशिवायच साक्ष घेतात. आरोपीला जबाबाच्या वेळी शपथ नसतेच, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 313, आता नागरिक सुरक्षा संहितेचं 351. तो स्वतः लेखी मागून बचावाचा साक्षीदार झाला तरच द्यायची. दुभाषा असेल तर त्याची शपथ वेगळी, नीट भाषांतर करीन अशी, ती आधी द्यायची, हे हमखास विसरलं जातं.

खोट्या साक्षीला 7 वर्षांपर्यंत कैद आहे, पण त्याची भीती तू घालू नकोस. पिंजऱ्यातला माणूस आधीच घाबरलेला असतो, घोटभर पाणी दे.

सिव्हिलला, म्हणजे दिवाणी दाव्यात, सरतपास (साक्षीदाराची आपल्या बाजूने दिलेली पहिली साक्ष) शपथपत्रावर येतो, टाईप केलेला, पानापानावर सही असते आणि पुष्कळदा वाचलेला नसतो. सही करायला तुझ्या टेबलाशी कोणी आलं तर विचार, वाचलंत का, वाचता येत नसेल तर कुणी वाचून दाखवलंय का. मागे रांग लागली तरी विचार, लोक चिडतील, चिडू देत.

तुझा काका