आधी वेताची काठी, चाकूचं नंतर बघू

भावा तू अर्निस, म्हणजे फिलिपिन्सची काठी-चाकूची युद्धकला, शिकायला लागलास ऐकून लई बरं वाटलं, पण पहिल्याच महिन्यात फोल्डिंग चाकू कुठला घेऊ विचारतोयस म्हणून सांगतो, आधी 28 इंची वेताची काठी घे. खानापूरकडचा बांबू नको, तो फुटला की चिरफळ्या डोळ्याकडं उडतात, वेत मात्र नुसता पिंजतो. सिनावाली, म्हणजे दोन्ही हातांत काठ्या घेऊन आलटूनपालटून मारायचा सराव, विणल्यासारखी चालली पाहिजे, आणि चाकूचा सराव फक्त लाकडी नाहीतर रबरी चाकूनं, जोडीदारासमोर धारेचं पातं काढायचंच नाही.

घरकामाला फोल्डिंग चाकू हवा असेल तर लॉक बघ, म्हणजे उघडलेलं पातं मिटू न देणारी कळ. लायनर लॉकमध्ये मुठीच्या आतली पत्ती सरकून पातं अडवते, ती पात्याच्या बुडाला नीट टेकली पाहिजे, नुसती कडेला लागलेली नको. पातं उघडून डावीउजवीकडं हलव, खुळखुळलं तर तिथंच परत दे. मी बेळगावात असाच एक स्वस्तातला घेतला होता, गुळाच्या रव्याची सुतळी कापताना लॉक सुटलं आणि पातं तर्जनीवर मिटलं, तीन टाके पडले, अजून थंडीत बोट आखडतंय. मिटताना बोटं पात्याच्या वाटेत ठेवू नकोस हं, आणि सांध्यात माती गेली की साफ करून थेंबभर तेल सोड.